मनाचा शोध आणि माणसाचा मान



प्रयोगशाळा म्हटली की काचेच्या नळ्या आणि तराजू डोळ्यांसमोर येतात. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र जिवंत माणूस बसलेला असतो. म्हणूनच या शास्त्रात सत्यशोधनाइतकेच संशोधकाच्या नीतीलाही महत्त्व आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेले प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहेत. जाहिरात वाचून आलेल्या नागरिकांना, हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे, असे सांगण्यात आले. पलीकडच्या खोलीतील माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा धक्का द्यावयाचा व प्रत्येक चुकीगणिक तो वाढवावयाचा, हे त्यांचे काम. वस्तुतः धक्का बसतच नव्हता. तो माणूस संशोधकांचा साथीदार होता. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत गेले. मात्र अनेकांना घाम फुटला, हात थरथरू लागले.

अधिकारवाणीपुढे सामान्य माणूस किती झुकतो, हे त्यातून जगाला कळले. परंतु डायना बॉमरिंड यांनी १९६४ साली आक्षेप घेतला की, विश्वासाने आलेल्या माणसाला अशा यातनांत लोटणे उचित नव्हे. आपण नंतर खुलासा केला व बहुतेकांनी समाधान व्यक्त केले, असे मिलग्रॅम यांचे उत्तर होते. तथापि, अनेकांना संपूर्ण सत्य बऱ्याच काळाने कळले, असे पुढे कागदपत्रांवरून उघड झाले. शिवाय नंतर लाभलेले समाधान ही आधी घ्यावयाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनासही लागू आहेत. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, निरक्षर व्यक्तीच्या संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार असावा, कोणालाही केव्हाही अंग काढून घेता यावे आणि नीतिसमितीत सामान्य नागरिकालाही स्थान असावे, असा त्यांचा आग्रह आहे.

तरीही केवळ अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली, असे नव्हे. साहेबांनी सांगितले म्हणून रुग्णाने, गुरुजींनी सांगितले म्हणून विद्यार्थ्याने दिलेला होकार हा मिलग्रॅम यांनी दाखविलेल्या आज्ञाधारकपणाचाच दुसरा नमुना होय. ज्याला निर्भयपणे ‘नाही’ म्हणता येते, त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो. हे भान राखणारा संशोधकच लोकांच्या विश्वासास पात्र ठरेल.