आग पाहणारे आणि आगींत शिरणारे



आमच्या उधव्याकडे, म्हणजे तलासरी तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर, आग लागली म्हणजे ती पाहावयास कोणी उभें राहत नाहीं. कुडाच्या भिंती आणि गवताचें छप्पर यांना पेटावयास वेळ लागत नाहीं, आणि बंब यावयाचा तो दूरच्या शहरांतून. तो येईपर्यंत घर उरणार नाहीं, हें प्रत्येकास ठाऊक असतें. म्हणून जो तो हंडा, कळशी, बादली, जें हातीं लागेल तें घेऊन धांवतो. कोणी शेजारच्या छपरावर चढून गवत उपसून टाकतो, कोणी गुरांचीं दावीं सोडतो. जळतें घर बहुधा वांचत नाहीं. पण शेजारचें वांचतें. पाहणारा आणि विझविणारा हा भेदच तेथें नसतो.

शहरांत हा भेद किती मोठा झाला आहे, तें मला २२ जानेवारी २०२२ रोजीं दिसलें. त्या शनिवारीं सकाळीं मुंबईस ताडदेव येथें, भाटिया रुग्णालयाजवळ, कमला या २० मजली इमारतीस आग लागली. मी कामानिमित्त मुंबईंत होतों, आणि रस्त्यावर जमलेल्या गर्दीपैकीं एक होतों. अठराव्या मजल्याच्या सुमारास काळा धूर दाटला होता. लोक बोटानें मजले मोजीत होते. कित्येकांचे मोबाइल वर रोखलेले होते. घंटा वाजवीत बंब येत होते आणि पोलीस लोकांना मागें सारीत होते. मुंबईच्या अग्निशमन दलांत आगीची प्रत ठरविण्याची पद्धत आहे. जशी प्रत चढते तशी कुमक वाढते. ही आग तिसऱ्या प्रतीची ठरली आणि १३ बंब तेथें धांवले. तरीही पहिल्याच दिवशीं ६ जण दगावले, आणि पुढें ही संख्या वाढली.

एवढे बंब, एवढें पाणी, समोर रुग्णालय, आणि तरी माणसें कां मरावीं? हा प्रश्न त्या गर्दींत अनेकांच्या तोंडीं होता. त्याचें उत्तर रस्त्यावरून दिसत नाहीं, कारण उंच इमारतीची आग ही बाहेरून नव्हे, आंतूनच विझवावी लागते.

पाणी दहा मीटर उंच चढवावयाचें तर सुमारें एका वातावरणाइतका दाब लागतो. अठरावा मजला पन्नास मीटरांहून उंच. म्हणजे पांच वातावरणांचा दाब पाणी नुसतें वर नेण्यांतच खर्च होतो, आणि आगीवर फवारा मारावयास आणखी दाब हवा तो वेगळाच. लांब शिड्या आहेत. पण त्या उभ्या करावयास मोकळी आणि भक्कम जागा लागते, आणि ती जागा आपण मोटारींनीं व्यापलेली असते. तेव्हां खरा मार्ग उरतो तो जिन्याचा. पाठीवर हवेचें नळकांडें, तोंडावर मुखवटा, खांद्यावर नळी, अशा ओझ्यानिशीं जवान एकेक मजला चढत जातात. नळकांड्यांतील हवा अर्ध्यापाऊण तासाची, आणि श्रमानें ती आणखी लवकर सरते. इमारतींतील पाण्याची उभी नळी चालू असेल तर त्यांना वरच पाणी मिळतें. ती कोरडी असेल, तर सारी नळी खालून ओढीत न्यावी लागते. तेवढ्या वेळांत कोणाचा तरी श्वास संपतो.

कारण अशा आगींत माणसें बहुधा ज्वाळेनें नव्हे, धुरानें मरतात. जिना आणि लिफ्टचा खड्डा हीं इमारतींतील धुरांडींच होत; तापलेला धूर त्यांतून वर चढतो आणि वरच्या मजल्यांवर सांचतो. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं परळ येथील क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हां एका दहा वर्षांच्या मुलीनें शाळेंत शिकलेलें आठवून, ओलें फडकें नाकातोंडाशीं धरावें असें शेजाऱ्यांस सांगितलें. तिचें कौतुक झालें तें यथार्थच. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ओलें फडकें काजळी अडवितें, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अडवीत नाहीं. त्यानें कांहीं क्षण मिळतात. ते वांकून, धूर नसलेल्या जिन्याकडे निघून जाण्यासाठीं खर्चावे. लिफ्टकडे जाऊं नये. बाहेर पडतांना दार ओढून घ्यावें. एक बंद दार धुराला बराच वेळ थोपवून धरतें.

थांबावें कीं निघावें, हा निर्णय सोपा नाहीं. लंडनमध्यें १४ जून २०१७ रोजीं ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत पेटली. घरांतच थांबा, असा सल्ला रहिवाशांस बराच वेळ दिला गेला. आग एका घरापुरतीच राहील, या विश्वासावर तो उभा होता. पण बाहेरच्या भिंतींवरील ज्वालाग्राही आवरणानें आग वर आणि भोंवतीं पसरली, आणि ७२ जणांचा बळी गेला. सल्ला हा इमारतीच्या खरेपणावर अवलंबून असतो; इमारत खोटी असेल तर शहाणपणही खोटें पडतें.

आणि आंत शिरणारे? १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज पेटलें. त्यांत कापूस होता आणि दारूगोळाही होता. आग विझविण्याचें काम चालू असतांनाच जहाज उडालें आणि दलाचे ६६ जवान मृत्युमुखीं पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगींत संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर या चौघा अधिकाऱ्यांस आपण गमावलें. त्यांतले दोघे पुढें रुग्णालयांत वारले. हुकूम सोडून मागें उभे राहणारे हे अधिकारी नव्हते.

शहरांत आग विझविण्याचें काम आपण दलाकडे सोंपविलें, तें योग्यच झालें. वीस मजली इमारतीपुढें हंडाकळशी काय करणार? पण काम सोंपविलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें नव्हे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्यानें इमारतींतील आगीची साधनें चालू ठेवण्याचा भार मालकावर व रहिवाशांवर टाकला आहे, आणि दर जानेवारींत व जुलैंत तसा दाखला देण्यास सांगितलें आहे. हा दाखला कपाटांतला कागद होऊं देऊं नये. नळ फिरवून पाणी येतें काय तें पाहावें. जिन्यांतलें जुनें कपाट, सायकल, चपलांची मांडणी हलवावी. आसऱ्यासाठीं राखलेल्या मजल्यास कुलूप घालूं नये. अंगणांत बंब वळेल एवढी वाट मोकळी ठेवावी.

हीं कामें क्षुद्र वाटतात आणि त्यांचें चित्र कोणी टिपीत नाहीं. परंतु जिना चढणाऱ्या जवानाच्या नळकांड्यांत हवेचीं जीं थोडीं मिनिटें असतात, तीं अडगळ हलविण्यांत जावीं कीं माणूस शोधण्यांत, हें आग लागण्यापूर्वीं कितीतरी दिवस आपणच ठरवून ठेवलेलें असतें.