सेवेची गरज कुणाला?

सुट्टीत शहरातल्या वस्त्यांमध्ये सेवेला जाणाऱ्या तरुणांना श्रद्धा आणि सोबती तिथेच गवसतात, असं म्हटलं की शंका येते: ही गरिबांची सेवा, की स्वतःचं समाधान? या शंकेचं उत्तर शिकागोच्या हल हाऊस या सेवाकेंद्रात सापडतं. लंडनचं असंच केंद्र, टॉयन्बी हॉल, पाहून आलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह 1889 मध्ये ते सुरू केलं आणि दोघी स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतच राहू लागल्या. सुशिक्षित तरुणांनाही या कामाची तितकीच गरज आहे, हे अ‍ॅडम्स यांनी 1892 मध्ये उघडपणे मांडलं. श्रद्धा कृतीत उतरली तरच ती जिवंत राहते, असं त्यांचं मत. पण अ‍ॅडम्स केवळ समाधानावर थांबल्या नाहीत. 1895 मध्ये त्या आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि भल्या पहाटे कचरागाड्यांमागे फिरू लागल्या.

‘सुट्टीच्या दोन महिन्यांत काय होणार?’ हा दुसरा आक्षेप रास्तच आहे. मात्र दोष थोड्या मुदतीचा नाही, मागे काम धरून ठेवणारी संस्था नसण्याचा आहे. येणारे बदलले तरी दार उघडं राहायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला असंच सेवाकेंद्र चालवलं. तिथेच 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली; तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तेव्हा या सुट्टीत सेवेला जरूर जा. फक्त तुम्ही परतल्यावरही काम चालू राहील, अशीच जागा निवडा.