कट-ऑफच्या यादीत नसलेलं कॉलेज

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी ऑप्शन फॉर्म भरायला बसतात. मागच्या वर्षीचा कट-ऑफ, पॅकेज आणि घरापासूनचं अंतर एवढं पाहून चार वर्षांचा निर्णय होतो. तिथली मुलं संध्याकाळी पाचनंतर काय करतात, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

नुसते आकडे पाहून कॉलेज निवडायची ही सवय जुनी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हे त्याचं काम, शिकवायचं कॉलेजांनी. त्यामुळे विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरचा शिक्का, ही समजूत आपल्याकडे मुरली. पण आता काही जुन्या संस्था स्वतःच विद्यापीठं झाल्या आहेत आणि प्रत्येकीचं वळण निराळं आहे.

पुण्याची सीओईपी, म्हणजे तिथलं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय, घ्या. १८५४ पासूनची ही संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. तिचा बोट क्लब नदीकाठी आहे. रेगाटा या क्लबच्या जलसोहळ्याच्या संध्याकाळी पाण्यावर कयाकचा बॅले होतो, मशालींच्या रचना होतात. त्यामागे कित्येक दिवसांचा सराव असतो. दुसऱ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या मुलाला वल्हं धरायला शिकवतो. वर्गात तोंड न उघडणारं मूल अशा ठिकाणी बोलायला लागतं, कारण तिथे त्याच्या हातांची गरज असते.

माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीची, म्हणजे आयसीटीची, ओळख प्रयोगशाळेची. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली. त्या विभागाच्या इंग्रजी नावावरून जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. १९६४ मध्ये डॉ. एम. एम. शर्मा केंब्रिजहून येऊन तिथे प्राध्यापक झाले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर १९६६ मध्ये तिथूनच केमिकल इंजिनिअर झाले आणि शर्मांच्याच हाताखाली त्यांनी १९६९ मध्ये पीएच.डी. केली. पदवीच्या मुलाला संशोधन शेजारच्या खोलीत चाललेलं दिसणं, ही फार मोठी गोष्ट आहे. दोन्हीकडच्या शाखा वेगळ्या, हे खरं. पण शाखेइतकंच हे वळणही मुलाला घडवतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि इथेच पालकांना कळकळीने सांगतो, हॉस्टेलचं आधी बघा. नाव मोठं म्हणून प्रवेश घेतला, हॉस्टेल मिळालं नाही, मग मूल शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉट बेसिसवर राहतं. मेसची वेळ आणि शेवटची बस सांभाळता सांभाळता संध्याकाळ संपते. नदी, प्रयोगशाळा, नाटकाची तालीम यांतलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. अशा वेळी यादीत चार नंबर खाली असलेलं, पण आवारात राहायला जागा देणारं कॉलेज मी आधी लिहीन. गावाकडून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी तर नक्कीच.

फॉर्म भरण्याआधी एकदा जाऊन या. फेस्टिव्हलच्या दिवशी नको, साध्या बुधवारी जा. आपल्या जिल्ह्याचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी गाठा. लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? पहिलं सबमिशन अडलं तेव्हा कुणी समजावलं? खोलीत गप्पा कोणत्या भाषेत होतात? हे प्रश्न मुलांना स्वतः विचारू द्या. आईवडिलांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं.