जेक एपिंगची पाच वर्षं



पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर? हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो आहोत. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तो उत्तरासकट पंतांसमोर उभा राहतो. पण पंत त्या वेगळ्या इतिहासात अपघातानं जाऊन पडतात; बदल त्यांनी केलेला नसतो. आज मी बोलणार आहे ते ठरवून इतिहास बदलायला निघालेल्या एका शिक्षकाबद्दल.

स्टीफन किंग यांची '११/२२/६३' ही कादंबरी २०११ साली आली. नाव म्हणजे अमेरिकी पद्धतीनं लिहिलेली तारीख. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवस. मेन राज्यातल्या एका लहानशा खानावळीच्या कोठीतून भूतकाळात उतरणारी वाट आहे, आणि शिक्षक जेक एपिंग त्या वाटेनं केनेडींचा मारेकरी ओस्वाल्ड याला अडवायला जातो.

पण ती वाट १९६३ मध्ये उघडतच नाही. दर वेळी ९ सप्टेंबर १९५८ लाच नेते. तिकडे कितीही वर्षं राहा, इकडे दोनच मिनिटं जातात; आणि पुन्हा उतरलात की मागच्या खेपेला केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे केनेडींना वाचवायचं, तर जेकला पाच वर्षं तिथे संसार मांडल्यासारखं राहणं भाग आहे. घर भाड्यानं घ्यायचं, नोकरी धरायची, लोकांत मिसळायचं. माझ्या मते किंगची खरी प्रतिभा या अटीत आहे. आठशेहून अधिक पानांत ओस्वाल्डवरची पाळत आहेच, पण टेक्सासमधल्या जोडी या काल्पनिक गावातल्या शाळेची पानं तिच्याहून जिवंत आहेत. जेक मुलांकडून स्टाइनबेकचं 'ऑफ माइस अँड मेन' बसवून घेतो, फुटबॉल खेळणाऱ्या एका धिप्पाड पोराला लेनीची भूमिका देतो, आणि ग्रंथपाल सेडीच्या प्रेमात पडतो.

म्हणून १० एप्रिल १९६३ ची रात्र इतकी लागते. त्या रात्री माजी जनरल एडविन वॉकर यांच्यावर ओस्वाल्डनंच गोळी झाडली, असा केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे. तो एकटा होता का, हे तिथे उभं राहून पाहायचं, असा जेकचा बेत असतो. नेमकं तेव्हाच सेडीच्या पूर्वीच्या नवऱ्यानं तिला ओलीस धरल्याचं कळतं. जेक तिच्याकडे धावतो. मला त्याचं हे वागणं पूर्ण बरोबर वाटतं. ज्याला जवळच्या एका माणसाची पर्वा नाही, त्यानं देशाचा इतिहास दुरुस्त करायला जाऊच नये.

पुढे केनेडी वाचतात आणि सेडी मरते. परतलेल्या जेकला भूकंपांनी, अणुस्फोटांनी उद्ध्वस्त झालेलं जग दिसतं. एक माणूस वाचला म्हणून जमीन का हादरावी, हे मला पटलेलं नाही. सेडीचं मरण मात्र मनातून जात नाही. ते जेकला पुसता येतं. पण त्यासोबत तिच्याशी झालेली ओळखही पुसली जाते.

ही कादंबरी हाती घ्याल, तेव्हा डॅलस गाठायच्या घाईत त्या शाळेची पानं भराभर उलटू नका.