पदरमोड करून केलेली शिक्षा: परोपकार की राग?

आज थेट प्रश्न. गावच्या जंगलात कुणीतरी चोरून झाडं तोडतोय. अडवलं तर वैर तुमच्या वाट्याला, बुडालेली मजुरी तुमची. वाचलेलं जंगल मात्र सगळ्यांचं. तरी तुम्ही अडवता. हा परोपकार झाला का?

2002 मध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेक्टर यांनी 240 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चौघांचा ग्रुप, प्रत्येकाकडे 20 पॉइंट. सामायिक खात्यात टाकले की फायदा सगळ्यांना, न टाकणाऱ्या फुकट्यालाही. त्याला दंड करायचा तर आपला 1 पॉइंट जायचा, त्याचे 3. प्रत्येक फेरीत ग्रुप नवा, म्हणजे दंड करणाऱ्याला पुढे त्याचा काहीच फायदा नाही. तरी लोकांनी दंड केला, आणि खात्यात जास्त पॉइंट यायला लागले.

का केला? राग आला म्हणून. 2004 च्या एका अभ्यासात तर दिसलं की फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतला समाधानाशी जोडलेला भाग जागा होतो. मग काही जण म्हणतात, मजा येते तर परोपकार कसला? मला हे पटत नाही. भुकेल्याला जेवू घालतानाही बरं वाटतंच की! त्यानं त्याचं पोट कमी भरतं का?

खरी अडचण वेगळी आहे. राग आंधळा असतो. 2008 मध्ये 16 शहरांतले निकाल आले, तर काही ठिकाणी लोकांनी जास्त देणाऱ्यालाच दंड केला होता!

म्हणून मला आपल्या गडचिरोलीतलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) महत्त्वाचं वाटतं. 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं नियम ग्रामसभेत ठरतात, बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. जंगलाची राखण गावानंच करायची. म्हणजे चोराला अडवणारा एकटा वाईट ठरत नाही, आणि कुणा एकाचा राग परस्पर शिक्षा होत नाही. आधी तो सगळ्यांसमोर मांडावा लागतो.

माझं मत असं: स्वतःची झळ सोसून अन्याय अडवणं हा खरा परोपकार असू शकतो, राग असला तरी. पण तो एकट्याच्या खांद्यावर फार दिवस टिकत नाही. तुमच्या गावात कुणी रेतीचोरीबद्दल बोललं असेल, तर त्याला नुसतं लाईक देऊ नका. पुढच्या ग्रामसभेत त्याच्या शेजारी जाऊन बसा.

भेटू पुढच्या भागात!