नियतकालिकांचे ग्रंथपाल आणि त्यांचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर वैद्यक व अभियांत्रिकी शाखांत यश मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु आपल्याच घरांतील काही मुलेमुली महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत काम करीत आहेत, त्यांचे नावही येथे निघत नाही. लग्नाच्या बोलणीत तर ‘पुस्तके देण्याघेण्याचे काम’ एवढ्यावर त्यांच्या विद्येची बोळवण होते. म्हणून आज या व्यवसायाविषयी, त्यातही नियतकालिकांच्या कामाविषयी आणि त्यासाठी भरणाऱ्या कार्यशाळांविषयी बोलण्याची मी अनुज्ञा घेतो.

ग्रंथपालास शिकवावे लागते हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले व १९११ मध्ये बडोद्यास शिक्षणवर्ग सुरू झाला. १९१५ मध्ये लाहोरास पंजाब विद्यापीठात डिकिन्सन यांनी असाच वर्ग चालविला. डॉ. रंगनाथन हे तर मूळचे गणिताचे अध्यापक. (आम्हां मास्तर मंडळींस याचा थोडा अभिमान वाटला तर क्षमा असावी.) १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन ही विद्या शिकून आले, आणि १९२९ मध्ये मद्रासेस प्रशिक्षणवर्ग निघाला.

ग्रंथ एकदा विकत घेतला की तो आपला झाला. नियतकालिकाचे तसे नाही. वर्गणी आगाऊ भरावयाची, अंक येतो की नाही यावर डोळा ठेवावयाचा, न आलेल्या अंकासाठी तगादा लावावयाचा, आणि खंड पुरा होताच बांधणीस द्यावयाचा. मध्येच नाव बदलते, दोन नियतकालिके एक होतात, एकाची दोन होतात. एकत्र कुटुंबांतील वाटण्याच जणू! हा घोटाळा टळावा म्हणून प्रत्येकास आठ स्थानांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. त्याची रचना मोठी गमतीची आहे. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ पासून २ पर्यंतच्या आकड्यांनी गुणून बेरीज करावी. शेवटचा अंक असा बेतलेला असतो की तो मिळविल्यावर बेरजेस ११ ने निःशेष भाग जावा. शेवटी दहा येत असतील तर रोमन एक्स लिहितात. एक आकडा चुकला की भाग जात नाही आणि चूक तत्काळ उघडी पडते.

आता तर बहुतेक शास्त्रीय नियतकालिके टपालाने न येता संगणकावर येतात. तेथे अंक विकत मिळत नाही, वाचण्याची परवानगी तेवढी मिळते. वर्गणी थांबली तर मागील वर्षांचे अंक हाती राहतील काय, विद्यार्थ्यास घरून वाचता येईल काय, हे सारे करारनाम्यातील कलमांवर ठरते. ती कलमे वाचावयास पदवीच्या अभ्यासक्रमात क्वचितच शिकवितात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार आहे. दार उघडले खरे; पण आत कसे जावे हे विद्यार्थ्यास दाखविणारा ग्रंथपाल जर स्वतःच गोंधळलेला असेल तर?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी बनावट नियतकालिके फार माजली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या नियतकालिकांची यादी केली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख ज्या त्या संस्थेनेच करावयाची आहे. संशोधन करणारा आपलाच एखादा मुलगा फसला, तर पैसा जातो, वर्षे जातात, आणि नावास लागलेला डाग तो वेगळाच. त्यास वेळीच सावध करू शकेल असा माणूस बहुधा ग्रंथालयातच बसलेला असतो.

ही विद्या कार्यशाळांतून मिळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रात संगणकीय ग्रंथालय-व्यवस्थेचे वर्ग भरतात; ‘कोहा’ नावाची विनामूल्य प्रणाली शिकविणारे वर्गही ठिकठिकाणी होतात. सर्वच कार्यशाळा मात्र चांगल्या असतात असे मी म्हणणार नाही. दीपप्रज्वलन, हारतुरे, तीन भाषणे, भोजन आणि प्रमाणपत्र एवढ्यात आटोपणाऱ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. जेथे प्रत्येकाच्या पुढ्यात संगणक असतो, खरा करारनामा वाचावयास देतात आणि बनावट नियतकालिक ओळखून दाखवावे लागते, तीच खरी कार्यशाळा.

आता मुद्द्याची गोष्ट. कायम सेवेतील ग्रंथपालास अशा वर्गांसाठी सवलती असतात. करारावर काम करणाऱ्या मुलामुलींना रजा मिळाली तरी बिनपगारी, आणि प्रवासखर्च पदरचा. मग घरची वडीलधारी माणसे म्हणतात, पदवी झाली, आता आणखी काय शिकावयाचे? आणि मुलगी गप्प बसते.

आपल्या शिक्षणनिधीतून आज केवळ पदवीच्या शुल्कास साहाय्य मिळते. त्यात कार्यशाळेचे शुल्क व प्रवासखर्च यांचाही समावेश व्हावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळाकडे लेखी देत आहे. अर्जदाराने कार्यशाळेचा सविस्तर कार्यक्रम अर्जासोबत जोडावा, आणि परत आल्यावर आपल्या वाचनालयातील जुन्या मासिकांची सूची करण्यास दोन रविवार द्यावेत, एवढ्या दोन अटी मी त्यात घातल्या आहेत. सभासदांनी आपले मत याच बैठकीत द्यावे, अशी विनंती आहे.