वार : बाळाची पहिली दाई



आज आम्ही वारेविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. विषय ऐकून काही जण मान खाली घालतील. म्हणतील, 'गुरुजी, हे बायकांचं बोलणं. बैठकीत कशाला?' पण घरातली लेक किंवा सून बाळंतपणात अडली, तर गाडी आणायला पुरुषच धावतो. केव्हा धावायचं, हे त्याला कळायला नको का?

गाय व्याली की वासरू उभं राहतं. पण जार पडेपर्यंत शेतकरी गोठ्यातून हलत नाही. जनावराची जी काळजी आपण घेतो, ती घरच्या लक्ष्मीची नको घ्यायला?

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही शाळामास्तर. वाचलं, जाणत्यांना विचारलं, तेच सोपं करून सांगतो.

वार म्हणजे एक मांसल चकती. दिवस भरलेल्या बाळाची वार वजनाला सुमारे अर्धा किलो भरते. रुंदी वितीपेक्षा थोडी कमी. तिची एक बाजू आईच्या गर्भाशयाला चिकटलेली असते. दुसऱ्या बाजूने नाळ निघते, ती बाळाच्या बेंबीला जाते.

पुष्कळांना वाटतं, आईचं रक्त नाळेतून सरळ बाळात जातं. तसं नाही. लंडनचे शल्यवैद्य विल्यम हंटर आणि जॉन हंटर या भावांनी अठराव्या शतकातच दाखवून दिलं, की आईचं रक्त वेगळं फिरतं आणि बाळाचं वेगळं. मग बाळाला अन्न मिळतं कसं? भाताचं खाचर डोळ्यांपुढे आणा. मुळं पाण्यात उभी असतात. सगळं पाणी काही मुळात शिरत नाही. मूळ आपल्या सालीतून हवं तेवढंच ओढतं. तशा वारेच्या बारीक फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात. या फांद्यांची साल उलगडून पसरली, तर दहा-बारा चौरस मीटर भरेल. म्हणजे एका खोलीची जमीन झाकेल!

या सालीतून बाळाला प्राणवायू मिळतो, साखर मिळते, अन्नरस मिळतो. बाळाच्या रक्तातली घाण उलट वाटेनं आईकडे येते आणि बाहेर पडते. म्हणजे पोटात असताना बाळाचं फुप्फुसही वारच आणि मूत्रपिंडही वारच. आईच्या अंगातली रोगाशी लढणारी शक्तीही ती बाळाला पोचवते. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई देतात, ती याचसाठी. सुई आईला, राखण दोघांची. भारतात नवजात बाळं पूर्वी धनुर्वातानं फार दगावत. २०१५ साली भारत त्या संकटातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यात या सुईचा मोठा वाटा आहे.

पण ही दाई सगळंच वाईट अडवू शकत नाही. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना दिसलं, की काही बाळं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन आली आहेत. त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला नावाचा गोवरासारखा ताप येऊन गेला होता. पुढे १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध निघालं. गरोदर बायका मळमळ थांबावी म्हणून ते घेऊ लागल्या. हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली. १९६१ साली औषध बंद झालं. तेव्हा दुकानातून आपल्या मनानं गोळी आणू नका. डॉक्टरला आधी सांगा, 'मला दिवस गेले आहेत.'

आणि मिश्री? भगिनींनो, तंबाखूचं विष वारेतून बाळाकडे जातं. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांची पाहणी झाली. ती २००४ साली छापून आली. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. दात घासायला दुसरं पुष्कळ काही आहे. मिश्री सोडा.

आता आपल्याकडचीच एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. सुमारे ८०० गरोदर बायका त्यात होत्या. पाचव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफीनं वार मोजली. काय दिसलं? जिची वार लहान, तिचं बाळही बहुधा लहान. आणि जी बाई दिवस जाण्यापूर्वीच कृश, तिची वार लहान! हिरवी पालेभाजी, फळं, दूध जिच्या पोटात वरचेवर गेलं, तिचं बाळ चांगलं भरलं. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. डोहाळेजेवण एक दिवसाचं. पण मुलगी वयात येते, तेव्हापासून तिच्या ताटात काय पडतं, यावर उद्याच्या नातवंडाचं वजन ठरतं. सर्वांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं तिला, ही रीत मोडली पाहिजे.

कधी कधी वार नीट रुजत नाही. आईच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत. वार उपाशी राहते आणि आईचा रक्तदाब चढतो. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडाला-हाताला सूज येते. पुढे झटके येतात. याला कुणी भूतबाधा म्हणतात. ती भूतबाधा नव्हे, आजार आहे. अंगारा लावत बसाल, तर आई आणि बाळ दोन्ही जातील. म्हणून दर तपासणीला रक्तदाब मोजून घ्या आणि लघवी तपासून घ्या.

कधी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर बसते. मग शेवटच्या महिन्यांत न दुखता रक्त जातं. दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नका. दवाखाना गाठा.

बाळ जन्मल्यावर नाळ कापायची घाई नको. निदान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं. त्यातलं लोह त्याला पुढे महिनोन्‌महिने पुरतं. मग वार पडते. अर्ध्या तासात पडली नाही, तर ते संकट समजा. घरी कुणी नाळ ओढू नका. ओकारी यावी म्हणून तोंडात केस कोंबू नका. अडकलेल्या वारेमुळे रक्त वाहतं आणि बाई बघता बघता हातची जाते. १०८ वर फोन करा, गाडी येईल. सगळ्यात बरं म्हणजे बाळंतपण दवाखान्यातच करा. २०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे.

जिथे नाळ पुरली, त्या मातीला माणूस विसरत नाही, असं आपण म्हणतो. मग त्या नाळेच्या दुसऱ्या टोकाला जी वार होती, ती आणि ती वार वागवणारी माउली, यांना विसरून कसं चालेल? आज घरी जाल, तेव्हा घरच्या गरोदर बाईला एवढंच विचारा : 'रक्तदाब कधी मोजला होता?' उत्तर आलं नाही, तर उद्या सकाळीच तिला घेऊन दवाखान्यात जा.